दिसलं, पण वाचलं नाही

काल संध्याकाळी सव्वासहाला पाचव्या मजल्यावरच्या प्रिंटरमध्ये कागद अडकला. कारण नेहमीचंच. लीगल कागद २१६ मिलिमीटर रुंद, ए-फोर २१०. कुणीतरी लीगलच्या ट्रेमध्ये ए-फोर भरतं, बाजूच्या पट्ट्या सरकवायला विसरतं, आणि त्या सहा मिलिमीटरच्या मोकळ्या जागेत कागद तिरका होऊन आत जातो. मी मागचं झाकण उघडलं, रोलर हाताने उलटा फिरवला, चुरगळलेला कागद ओढून काढला, छापलेली बाजू तळहाताकडे धरली आणि चार पावलांवरच्या श्रेडरमध्ये घातला. पट्ट्या सरकवल्या. प्रिंटरने अडकलेलं पान स्वतःहून पुन्हा छापलं, ते मी पालथंच ठेवलं.

तीन आठवड्यांपूर्वी लागलेला मुलगा सोबत होता. म्हणाला, "दादा, बघितलंसुद्धा नाहीत कशाचा कागद आहे ते?"

"कशाला बघायचं?"

"असंच."

त्या 'असंच'ला मला तिथल्या तिथे नीट उत्तर देता आलं नाही. सीएसएमटीहून गाडी पकडली, भायखळा गेलं, चिंचपोकळीला उतरलो, तरी तेच डोक्यात. हे न बघणं मला कधी, कुणी शिकवलं? कुठल्याही ट्रेनिंगमध्ये ते नव्हतं. ऑफिसच्या करारपत्रात गोपनीयतेचं कलम असतं, सही सगळेच करतात. पण सही केल्याने डोळे मिटत नाहीत.

मी फोर्टातल्या एका सॉलिसिटर फर्ममध्ये डेस्कटॉप सपोर्टला आहे. बारा वर्षं झाली. हायकोर्टाच्या १८७८ साली बांधून झालेल्या इमारतीपासून आमचं ऑफिस पायी सात मिनिटांवर. लॅपटॉप सुरू होत नाही, आउटलुक अडकलं, डिजिटल सहीचं टोकन ओळखलं जात नाही, पीडीएफ एवढी मोठी झाली की ई-फायलिंगला चढत नाही, वर्डमधले परिच्छेदांचे आकडे १४ नंतर एकदम १ वर आले: अशा तक्रारींची दिवसाला तीस-पस्तीस तिकिटं येतात. बँकेत किंवा कारखान्यातही हेच काम असतं. फरक पडतो तो घड्याळामुळे. लवादाचा निवाडा रद्द करून मागायचा तर तीन महिने, पुरेसं कारण दाखवलं तर आणखी ३० दिवस, आणि त्यापुढे एक दिवससुद्धा नाही. व्यापारी दाव्यात लेखी कैफियत, म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर, १२० दिवसांच्या आत गेली नाही तर ती देण्याचा हक्कच जातो. त्यामुळे एखाद्या ज्युनियर मॅडमचा फोन येतो, "लवकर या, आज लास्ट डे आहे," तेव्हा त्या आवाजातली घाई खरी असते. कुणाचं तरी घर, कुणाचा तरी कारखाना त्या हँग झालेल्या स्क्रीनमागे थांबलेला असतो. मी धावत जिना चढतो. लिफ्टची वाट बघत नाही.

आणि तिथे पोचलो की सगळं माझ्यासमोर उघडं असतं.

हे लोकांच्या लक्षात येत नाही. पार्टनर जी गोष्ट समोरच्या खुर्चीतल्या अशिलाशीही दार लावून बोलतात, ती त्यांच्या स्क्रीनवर उघडी असते आणि मी त्यांच्या खांद्यामागे उभा असतो. मृत्युपत्रं. घटस्फोटाचे अर्ज. दोन भावांमधला वाटणीचा मसुदा, ज्यात ट्रॅक चेंजेसच्या लाल अक्षरांतून कुणी काय आधी द्यायचं ठरवलं आणि मग काढून घेतलं तेही दिसतं. अजून जाहीर न झालेली कंपन्यांची खरेदी-विक्री. प्रिंटरच्या रांगेत अडकलेल्या फायलींची नावं. रिमोट घेतला तर पूर्ण स्क्रीनच माझ्या टेबलावर येते.

म्हणून माझ्या काही सवयी झाल्या आहेत. रिमोट घ्यायच्या आधी मी विचारतो, "सर, बाकीच्या फायली बंद करता का? मी थांबतो." आणि खरंच थांबतो. कुणी पासवर्ड टाकायला लागलं की मान खिडकीकडे वळवतो. आमच्या चौथ्या मजल्याच्या खिडकीतून हॉर्निमन सर्कलची झाडं दिसतात, ती मला आता फांदीफांदीने पाठ आहेत. जुन्या लॅपटॉपवरून नव्यावर डेटा नेताना फोल्डर उघडावे लागतात, तेव्हा मी पहिल्यांदा थंबनेल बंद करून लिस्ट व्ह्यू लावतो. थंबनेलमध्ये पहिलं पान दिसतं, फोटो दिसतात. लिस्टमध्ये नुसती नावं, आणि नावंही मी वाचत नाही, खाली लिहिलेला आकडा बघतो: तिकडे १४,२०६ फायली, इकडे १४,२०६. झालं.

नव्या मुलाला मी हे दाखवलं आहे. पण कसं करायचं ते दाखवणं सोपं. का करायचं, ते मला स्वतःला ज्या दिवशी कळलं, तो दिवस मी त्याला सांगितलेला नव्हता.

मी काम शिकलो लॅमिंग्टन रोडवर. डॉ. भडकमकर मार्ग हे त्याचं खरं नाव, पण कॉम्प्युटरवाले त्याला लॅमिंग्टनच म्हणतात. एका दुकानाच्या पोटमाळ्यावर बसून आम्ही बिघडलेल्या हार्ड डिस्कमधून डेटा काढायचो. हार्ड डिस्कवरची फाइल डिलीट केली म्हणजे ती जात नाही. पुस्तकाच्या अनुक्रमणिकेतली एक ओळ खोडावी तसं होतं; धडा आत तसाच असतो, त्या जागी दुसरं काही छापलं जाईपर्यंत. आम्ही तो धडा शोधून काढायचो. एकोणीस वर्षांचा होतो. एकदा एका गृहस्थांची डिस्क आली. ऑफिसचे हिशेब हवे होते. हिशेब मिळाले, आणि त्यांच्यासोबत एक डिलीट केलेलं पत्रही मिळालं. मी ते उघडलं. त्यांनी मुलाला लिहिलेलं, बहुधा कधीच न पाठवलेलं पत्र होतं. त्यात काय होतं ते तेव्हाही कुणाला सांगितलं नाही, आजही सांगणार नाही.

दुसऱ्या दिवशी ते डिस्क न्यायला आले. साधे, पन्नाशीचे, हातात कापडी पिशवी. "सगळं मिळालं ना?" असं त्यांनी विचारलं, आणि मला त्यांच्याकडे बघता येईना. त्यांचं काहीच बिघडलं नव्हतं. त्यांना कळण्याचा प्रश्न नव्हता. तरी त्यांच्या घरात मी न विचारता शिरून आलो होतो, आणि आता दारात उभा राहून त्यांच्याकडूनच पैसे घेत होतो. त्या दिवशी घरी गेलो तो जेवण गेलं नाही.

आईने विचारलं काय झालं. मी सांगितलं, पत्रातलं सोडून. ती म्हणाली, "अरे, कानाला झाकण नसतं, तोंडाला असतं, आणि मनालाही लावता येतं. ह्या चाळीत राहून तुला एवढंही आलं नाही?"

लालबागच्या ज्या चाळीत मी वाढलो, तिथे दोन खोल्यांमध्ये अर्ध्या उंचीपर्यंत भिंत आणि वर लाकडी फळ्या होत्या. शेजारच्या काकूंना रात्री खोकला लागला की आमच्याकडचा पाण्याचा तांब्या गॅलरीतून पलीकडे जायचा. भांडणं ऐकू यायची. पगाराचे आकडे ऐकू यायचे. एकदा एका घरात नवरा रडत होता, गिरणी कायमची गेली होती म्हणून, आणि ते रडणं दोन्ही बाजूंच्या चार-चार खोल्यांत ऐकू गेलं. सकाळी नळावर त्या घरातल्या बाई आल्या, तेव्हा सगळ्या बायका पाण्याच्या वेळेबद्दल बोलत होत्या. एकीनेही चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. त्यांची कळशी मात्र कुणीतरी रांगेत पुढे सरकवली होती. लोक म्हणतात चाळीत खाजगी काही नसतं. मला हे कधीच पटलं नाही. चाळीत खाजगीपण भिंती देत नव्हत्या, माणसं देत होती. ऐकू आलेलं न ऐकल्यासारखं ठेवायला रोज मेहनत लागते, आणि ती मेहनत शंभर बिऱ्हाडं एकमेकांसाठी करत होती.

फर्ममध्ये आलो तेव्हा आमचे मॅनेजिंग क्लार्क, ज्यांना पार्टनरपासून शिपायापर्यंत सगळे काका म्हणतात, त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात कायद्याचं एक कलम सांगितलं. मुंबईच्या सॉलिसिटर फर्ममध्ये मॅनेजिंग क्लार्क म्हणजे काय चीज असते ते बाहेरच्यांना कळणार नाही. कुठल्या कोर्टाचा बोर्ड, म्हणजे त्या दिवसाची खटल्यांची यादी, किती पुढे सरकते, रजिस्ट्रीत कुठलं ऑब्जेक्शन निघेल, हे त्यांना तोंडपाठ. ते म्हणाले, १८७२च्या पुरावा कायद्यात कलम १२६ आहे: अशिलाने वकिलाला विश्वासाने सांगितलेलं वकिलाने अशिलाच्या संमतीशिवाय उघड करायचं नाही. "हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच्या पुढचं, १२७, कुणी वाचत नाही. तेच बंधन दुभाष्यांना आणि वकिलांच्या कारकुनांना, नोकरांना लागू आहे. म्हणजे मला. आणि तुला."

मी त्या वेळी फर्मच्या पगारावर नव्हतो. डेस्कटॉप सपोर्टची बहुतेक मुलं असतात तसा कंत्राटदाराच्या पगारावर होतो, वेगळ्या रंगाचं ओळखपत्र गळ्यात. अशी मुलं त्या शब्दात बसतात की नाही यावर वकील दोन्ही बाजूंनी बोलतील. पण दीडशे वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्याला, बॅरिस्टरच्या खोलीत दिवा लावणारा, टपाल नेणारा माणूस दिसला होता, त्यालाही काही कळत असेल आणि त्याच्याकडेही विश्वास ठेवलेला असेल हे सुचलं होतं, याने मला फार बरं वाटलं. १ जुलै २०२४पासून नवा भारतीय साक्ष अधिनियम आला. तिथे हे सगळं कलम १३२मध्ये आहे आणि 'नोकर'च्या जागी 'कर्मचारी' आला आहे. जुन्यात होतं तसंच एक स्पष्टीकरण नव्यातही आहे: काम संपलं तरी हे बंधन संपत नाही. काका पुढच्या वर्षी निवृत्त होणार आहेत. चाळीस वर्षांचं काय काय घेऊन ते डोंबिवलीला जाणार आहेत, आणि त्यातलं एक अक्षरही कुणाला मिळणार नाही.

त्याच नव्या कायद्यातल्या कलम ६३ने माझं काम वाढवलं. इलेक्ट्रॉनिक पुराव्याची प्रत द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागतं. ते जुन्या ६५-ब कलमातही होतं, आणि ते टाळता येत नाही हे सुप्रीम कोर्टाने १४ जुलै २०२० रोजी पक्कं केलं, तेही आपल्या जालन्याच्या निवडणूक खटल्यात: अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत भरला की नंतर, हे निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतल्या व्हिडिओवरून ठरवायचं होतं. आता नव्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात फाइलचा हॅश लिहायची जागा आहे. तो काढून द्यायला मला बोलावतात.

हॅश हा माझा आवडता विषय आहे, थोडं थांबून सांगतो. फाइल कितीही मोठी असो, एसएचए-२५६ हे गणित तिच्यातून ६४ चिन्हांची एक ओळ काढतं. फाइलमध्ये एक स्वल्पविराम हलवा, ओळ पूर्ण बदलते. त्या ओळीवरून फाइल परत उभी करता येत नाही. म्हणजे मी एखाद्या बाईंच्या मोबाइलमधल्या संभाषणाचा एक शब्दही न वाचता खात्रीने सांगू शकतो की आज कोर्टात आलेली फाइल तीच आहे जी त्या दिवशी कॉपी केली होती. पहिल्यांदा ती ओळ काळ्या खिडकीत उमटली तेव्हा मला वाटलं, हे माझ्यासारख्यांसाठीच कुणीतरी शोधून काढलं आहे.

कधी कधी मात्र वाचावंच लागतं. मागच्या पावसाळ्यात एक ज्युनियर वकील रडकुंडीला आले होते. जमिनीच्या प्रकरणातले मराठी दस्त, तीनशेच्या वर पानं, आणि 'शेतकऱ्याने' हा शब्द शोधला की निम्म्याच ठिकाणी सापडतो. डोळ्यांना तर सगळीकडे तोच शब्द दिसत होता. मी त्यांच्या परवानगीने दोन ठिकाणचा तेवढा शब्द उचलून कोऱ्या फाइलमध्ये ठेवला आणि वर्डमध्ये ऑल्ट-एक्स दाबत एकेका अक्षराचा कोड काढला. एकाने नुक्तावाला, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ टाइप केला होता, मग हलन्त, मग य. दुसऱ्याने साधा र, हलन्त, मधे न दिसणारं एक जोडचिन्ह, मग य. कागदावर दोन्ही सारखेच. कॉम्प्युटरला ते दोन वेगळे शब्द. आपल्या भाषेतला तो चंद्रकोरीसारखा अर्धा र दोन वाटांनी लिहिता येतो आणि शोधणाऱ्याला दोन्ही वाटा ठाऊक असाव्या लागतात. आम्ही दोन्ही रूपांनी शोध घेतला, राहिलेली पानं मिळाली. त्या दस्तांतला मी वाचलेला शब्द तेवढाच.

एकच दिवस असा गेला की बघायला काही नव्हतंच. १९ जुलै २०२४, शुक्रवार. आपल्या घड्याळात सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटं झाली आणि एका सुरक्षा सॉफ्टवेअरचं सदोष अपडेट जगभर सुटलं. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज मशीन त्यात सापडली, त्यात आमची नव्वदच्या वर होती. सगळीकडे निळा पडदा. प्रत्येक मशीन हाताने सेफ मोडमध्ये न्यायचं, एक फाइल काढायची, पुन्हा सुरू करायचं; आणि डिस्क कुलूपबंद म्हणून आधी ४८ आकडी किल्ली टाकायची. घरून काम करणाऱ्यांना मी ती फोनवर वाचून दाखवत होतो, सहा-सहा आकड्यांचे आठ गट, एकेक आकडा सुटा. सत्तावीस-बहात्तर म्हटलं की गोंधळ होतो. रात्री साडेअकराला शेवटचं मशीन उठलं तेव्हा घसा बसला होता.

आता एक प्रसंग. तो लिहू की नको, हे मी काकांना विचारलं. ते म्हणाले, "जे तुझं आहे तेवढं लिही." तेवढंच लिहितो. बाजू कुठली, चाळ कुठली, सांगणार नाही.

एका पार्टनरांचं आउटलुक उघडत नव्हतं. मी खराब झालेल्या फाइलचं नाव बदललं, आउटलुक नव्याने सुरू केलं, सर्व्हरवरून मेल उतरायला लागले. ताजे मेल आले की नाही हे बघायला इनबॉक्सच्या वरच्या ओळीकडे नजर टाकावीच लागते. तिथे आमच्या चाळीचं नाव होतं.

मेल उघडला नाही. पण नाव वाचलं गेलं होतं, आणि आपलं नाव कुणी पुकारलं की मान जशी आपोआप वळते तसं माझं सगळं अंग तिकडे वळलं. पुनर्विकासाच्या गोष्टी आमच्याकडे तेव्हा दोन वर्षं चालू होत्या. उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी इमारत, पावसाळ्यात जिन्याला टेकू. बाबा कमिटीवर. किती चौरस फूट, भाडं किती, परत कधी, ह्यावर रोज रात्री गॅलरीत चर्चा. त्या सगळ्यांची उत्तरं बहुधा माझ्या बोटापासून एका क्लिकवर होती, आणि पार्टनर चहा प्यायला बाहेर गेले होते.

मी उठलो आणि काकांकडे गेलो.

"वाचलंस?"

"विषयातलं नाव वाचलं. बाकी नाही."

त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ बघितलं. "तेवढं पुरे. आता त्या केबिनमध्ये जाऊ नकोस." ते स्वतः पार्टनरांशी बोलले. त्याच दुपारी त्या मॅटरच्या फायलींना माझं खातं बंद झालं, आणि त्या केबिनची तिकिटं दुसऱ्याकडे गेली. पार्टनर जिन्यात भेटले तेव्हा थांबले, "थँक यू" म्हणाले. बाकी काही नाही.

ऑफिसात मला भिंत मिळाली. घरी नव्हती. घरी तीच गॅलरी, तेच लोक, ज्यांच्या मांडीवर मी वाढलो. मला खरी भीती एकाच गोष्टीची होती: गप्प राहण्यानेही काही सांगितलं जातं. बाकीच्या दिवशी ऑफिसच्या गप्पा मारणारा माणूस एका विषयावर अचानक मुका झाला तर ऐकणाऱ्याला कळायचं ते कळतं. पण लॅमिंग्टन रोडच्या त्या पत्रानंतर मी ऑफिसचं घरी काहीच बोलत आलो नव्हतो. कोण आलं, कोण रागावलं, काहीही नाही. बायकोला सुरुवातीला हे लागायचं, माझ्या मनात तिला जागा नाही असं वाटायचं. तिची नाराजी मला समजत होती, तरी मी बदललो नाही. त्या वर्षी त्या जुन्या मुकेपणाने मला सांभाळलं.

एका रात्री बाबांनी विचारलंच. पंख्याखाली दोघे पडलो होतो. "तुमच्या ऑफिसात असली कामं येत असतील नाही? काही कळतं का रे?"

"बाबा, ऑफिसचं मी घरी बोलत नाही."

"ते माहीत आहे," ते म्हणाले, आणि कुशीवर वळले.

पुढच्या रविवारी कमिटीची मीटिंग होती. सतरंज्या घातल्या होत्या, मी मागे उभा होतो. कुणाचं तरी लक्ष माझ्याकडे गेलं. "अरे, हा तर वकिलांच्याच ऑफिसात आहे की! ह्यालाच विचारा, आतलं काय ते सांगेल."

चाळीस-पन्नास माना वळल्या. मी तोंड उघडायच्या आत पुढच्या रांगेतून बाबांचा आवाज आला, मागे न बघता:

"त्याला विचारू नका. तो तिथे मशीन बघतो, कागद नाही. चला, टाकीच्या गळतीचं घ्या."